अकराला लाइट जाते

आबा गेले त्याच्या महिनाभर आधी बायकोला, पार्वतीबाईंना, एवढंच म्हणाले होते, की जालिंदरचं सगळं लिहून ठेवलंय, सरूबाईला बोलवा आणि राजश्रीला वाचून दाखवायला सांगा. कुठे लिहिलंय ते सांगायची गरज नव्हती. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मच्छिंद्र आबा जे काही लिहीत ते दौंड यार्डाच्या आठवणींच्या साइटवर. साइट लेकीने, राजश्रीने काढून दिली होती. ती शिरूरच्या कॉलेजात मराठी शिकवायची, आणि संगणकातलं तिला पोटापुरतंच येत होतं.

जालिंदर हा आबांचा जोडीदार. दोघे पॉइंटमन, यार्डात रूळ बदलणारे आणि डबे जोडणारे. सत्त्याऐंशी साली एका दुपारी मालगाडीच्या वाघिणी जोडताना तो दोन डब्यांच्या बफरांच्या मध्ये सापडला. ड्रायव्हरला झेंडी दाखवायला आबा उभे होते. चौकशीत पाय घसरल्याची नोंद झाली. जालिंदरची बायको सरूबाई माहेरी, यवतला जाऊन राहिली, पण वर्षातून एकदा दौंडला यायची, ओट्यावर बसायची आणि उठता उठता विचारायची, "भावजी, नेमकं काय झालं व्हतं?" आबा म्हणायचे, पाय घसरला वहिनी, दुसरं काही नाही. वीस वर्षं हा प्रश्न आणि हे उत्तर.

आबा गेल्यावर वर्षभर राजश्रीने साइट उघडलीच नाही. उद्या बघू म्हणत राहिली. मग वर्षाचं पुण्यानुमोदन आलं, पार्वतीबाईंनी सरूबाईंना निरोप धाडला, आणि गुरुवारी सकाळी राजश्री शिरूरहून येऊन आबांच्या खुर्चीत बसली.

साइट बाहेरून अर्धीमुर्धी दिसत होती, नुसत्या चौकटी. आत जायला पासवर्ड घातला, तर कोरं पांढरं पान. पुन्हा घातला, पुन्हा पांढरं. तिने ज्यांच्याकडे साइटची जागा घेतली होती त्या पुण्याच्या ऑफिसात फोन लावला. फोनवर इम्तियाज नावाचा माणूस होता, शिक्रापूरचा, सावकाश बोलणारा. मार्चमध्ये आम्ही सगळं नव्या सर्व्हरवर नेलं, म्हणाला, जुना पुसून टाकला. तुमचं एखादं जुनं प्लगिन, वरून जोडलेली सोय, असेल, त्याचं नव्याशी पटत नसणार. राजश्रीला आठवलं. आबांना इंग्रजी अक्षरं दाबून बोलतो तसं मराठी उमटवता यावं म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनेच ते जोडलं होतं, आणि आबा आठवडाभर पोरासारखे खूश होते.

"फोल्डरचं नाव नुसतं बदला मॅडम. त्याला ते सापडलं नाही की गप बसेल."

तिने नाव बदललं. साइटचं दार उघडलं. तिने इम्तियाजचे आभार मानून फोन ठेवला. न छापलेल्या लेखांत एकच लेख होता. तिने तो उघडला.

पानभर प्रश्नचिन्हं होती. अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, मात्रेच्या जागी प्रश्नचिन्ह, मध्येच एखादा स्वल्पविराम. ती खाली खाली सरकत गेली. एके ठिकाणी परिच्छेद तुटला होता, तिथे आबा थांबले असतील. घड्याळात अकराला तीन मिनिटं कमी होती.

दौंडात तेव्हा अकराला लाइट जायची ती तीनला यायची. संगणकाची बॅटरी मिनिटभरही दम धरायची नाही. म्हणून आबा एक ओळ लिहायचे आणि सेव्ह करायचे, पुन्हा एक ओळ, पुन्हा सेव्ह. तव्यावर भाकरी टाकून गप्पा मारायच्या नसतात, म्हणायचे. शिरूरलाही तीच तऱ्हा, त्यामुळे राजश्रीचाही हात तसाच पडलेला. काही लिहिलं नव्हतं, काही बदललं नव्हतं. घड्याळ दिसलं आणि बोटाने सेव्ह दाबलं. पान एकदा हललं, आणि अकराला पंख्यासकट सगळं बंद झालं.

तीननंतर तिने इम्तियाजला पुन्हा फोन करून प्रश्नचिन्हांचं सांगितलं. तो हसला. त्यात घाबरण्यासारखं काही नाही मॅडम, अक्षरं आत शाबूत आहेत. नवा सर्व्हर ती वाचताना चुकतोय, एका ओळीचं काम आहे, मीच घालतो.

"फक्त तोवर काही सेव्ह करू नका. केलं तर ती चिन्हंच आत जाऊन बसतील."

त्याने दोनदा हॅलो केलं.

"एक केलंय," ती म्हणाली.

त्याने ओळ घातली. आबांचे सव्वीस लेख जसेच्या तसे परत आले. कोळशाच्या इंजिनांचा, यार्डातल्या कुत्र्याचा, ड्रायव्हरांच्या मुक्कामाच्या रनिंग रूममधल्या आमटीचा. खाली लोकांनी लिहिलेले नमस्कारसुद्धा. सत्ताविसाव्यात प्रश्नचिन्हंच राहिली. इम्तियाजने शनिवारपर्यंत खटपट केली. रोजची प्रत निघत होती, पण तीही त्याच चुकीच्या वाचनातून, सगळी चिन्हांनी भरलेली. शेवटी त्याने आवाज खाली आणून सांगितलं, की आता काही होणार नाही.

रविवारी पुण्यानुमोदनाची वंदना झाली, माणसं जेवून गेली. सरूबाई ओट्यावर न बसता थेट आत आल्या. पार्वतीबाईंनी लेकीकडे पाहिलं आणि भांडी घेऊन मोरीकडे गेल्या.

राजश्रीने काही लपवलं नाही. लेख होता, गुरुवारी सकाळपर्यंत होता, माझ्या हातून गेला, असं तिने सांगितलं. मग संगणकाचा पडदा वळवून दाखवला. सरूबाईंना वाचता येत नव्हतं. त्या पदर सावरून जवळ झाल्या आणि एकसारख्या चिन्हांच्या रांगा वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या, लोक पेपर वाचतात तशा.

"हे त्येंनी लिवलेलं?"

"त्याच्या जागी उरलेलं आहे, मावशी. यातून काही कळत नाही."

"किती व्हतं?"

राजश्रीने हा विचार केला नव्हता. तिने पुन्हा खालपर्यंत जाऊन पाहिलं.

"छापलं असतं तर चार पानं झाली असती."

सरूबाई पडद्यापासून मागे सरल्या. मोरीतला नळ बंद झाला.

"पाय घसरला, एवढं सांगाया चार पानं लागत न्हाईत, पोरी."

राजश्रीला हे गुरुवारीच सुचायला हवं होतं, किंवा सुचलं असेल आणि तिने ते बाजूला सारलं असेल.

"तू वाचलंस?"

"नाही."

"वाचून मग पुसलंस का?"

"नाही, मावशी."

सरूबाईंनी मान हलवली. पटल्यासारखी नाही, ऐकलं एवढंच. मग पिशवी उचलली आणि साडेपाचची यवतची एसटी स्टँडावरूनच सुटते का, की आता बाहेरून जाते, ते विचारलं. स्टँडावरून, राजश्री म्हणाली. सोडायला येते म्हणून ती उठली, तेव्हा सरूबाई चपला घालून ओटा उतरल्या होत्या.