विटेवरचा पाय

कोपऱ्यातल्या लोणच्याच्या बरणीनं कडेच्या पाण्यात बुडबुडा सोडून ‘बुडुक’ केलं, तेव्हा कुठे लानच्या ध्यानात आलं, की सकाळपासून घरात कुणी बोललेलंच नाही.

"बघ, बरणीलासुद्धा राहवेना," सासूबाई म्हणाल्या आणि अंगणात जाऊन आपल्या विटेवर उभ्या राहिल्या. "ये."

या घरात भांडण तोंडानं मिटत नसे. समोरासमोर एकेका विटेवर उभं राहायचं, मनगटाला मनगट लावायचं आणि गोल गोल फिरवत एकमेकींना ढकलायचं. जिचा पाय विटेवरून सुटेल, तिनं दुसरीचं ऐकायचं. डोंगरावरच्या ताओ मठात सासूबाई हे तरुणपणी शिकल्या होत्या. लान लग्न होऊन आल्यापासून एकदाही जिंकली नव्हती.

आज प्रश्न रुईरुईचा होता. लानला लेकीला आपल्याबरोबर छंगदूला न्यायचं होतं, तिथल्या शाळेत घालायचं होतं. सासूबाईंना नात इथंच हवी होती. नवरा-बायको दोघं दिवसभर कामावर, शहरात पोरीकडे बघणार कोण?

रुईरुई दोघींच्या पायांशी उकिडवी बसली. पंच तीच.

मनगटं फिरू लागली.

"खांद्यात कशाला एवढा जोर? तो भाताचं पातेलं उचलायला ठेव."

"आई, बोलून हरवू नका हं."

"मग काय, गाऊन हरवू?"

लानला हसू फुटलं आणि खांदे आपोआप सैल पडले. रात्रभर घोकलेली उत्तरं कुठल्या कुठे गेली. मनगटावर टेकलेला तो सुरकुतलेला हात झोपलेल्या बाळाच्या हातासारखा हलका लागला. ती ढकलायचं विसरली, नुसती त्या हाताबरोबर फिरत राहिली. आणि सासूबाईंचा पाय विटेवरून खाली उतरला.

लान बघतच राहिली.

"जमलं की गं तुला!" सासूबाई बाहीनं कपाळ पुसत आत गेल्या. बाहेर आल्या त्या एक छोटी बरणी घेऊन. मुळ्याच्या लोणच्यानं भरलेली, फडक्यात घट्ट बांधलेली. "कडेचं पाणी आटू देऊ नकोस, नासेल. पोरीला जेवताना मुळा लागतो."

लाननं बरणी पोटाशी धरली. गाठीत खोचलेला पुदिन्याचा देठ कालचा असावा, कोमेजून गेला होता.

रुईरुईनं तिची बाही ओढली.

"आई, तू तर ढकललंच नाहीस. आजीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग आपणहून टाच उचलली. असं का केलं तिनं?"