एक जिन्नस कमी

"थेल्मा, चव अशी फिकी का गं लागते? पुस्तकात लिहिलंय तस्संच केलंय मी."

मर्वने चीज पफांचा ट्रे माझ्यासमोर आदळला. जन्मभर पवनचक्क्या आणि पंप दुरुस्त करणाऱ्या या माणसाने सकाळपासून चीज किसून, मैदा चाळून ही दुसरी खेप काढली होती. अंगात बायकोचा, नोलाचा एप्रन, भुवयांना पीठ. एरवी मी त्याला सोडला नसता, पण आज चिडवायला जीभ उचलेना.

पाककृतींचं ते पुस्तक गावातल्या आम्हा बायकांचंच. गावच्या हॉलच्या छपराचा खर्च काढायला छापून विकलं होतं. प्रत्येक पदार्थाखाली देणारीचं नाव. 'पार्टीसाठी सोपे चीज पफ – नोला ट्रेसिडर.' एकीच्या नावाचा पदार्थ दुसरीने हॉलवर आणायचा नाही, हा आमच्या गावाचा कायदा. आणि छापायला देताना एखादा जिन्नस गाळायचा, हा त्याहून पक्का. मोठ्या मनाने सगळं लिहून देणारी बाई आमच्याकडे अजून जन्मायची आहे.

"नोलाने काहीतरी गाळलंय," मी म्हणाले.

"काय?"

"मला सांगितलं असतं तर ती नोला कसली!"

"मलाही नाही सांगितलं कधी. पफ करायचे म्हटलं की मला बाहेर हाकलायची."

सोमवारी नोलाला वृद्धाश्रमात पोचवायचं होतं. ती घरातून उठून थेट हमरस्त्यावर जायची, ट्रक करकचून थांबायचे. म्हाताऱ्या मर्वला एकट्याला ते झेपेना. आज दुपारी निरोपाला शेजारीपाजारी येणार होते, आणि टेबलावर तिचे पफ हवेतच हा त्याचा हट्ट होता.

"तोंडाला तीच चव लागली तर..." तो ट्रेकडे बघत म्हणाला, "ओळखेलसुद्धा मला. कुणी सांगावं!"

मला रडू आलं. मी नळ सोडून नसलेली भांडी घासू लागले.

दुपारी माणसं आली. कुणी सॉसेज रोल आणले, कुणी अंडी भरून आणली. नोलाचे केस मी विंचरले, लिपस्टिक लावली, व्हरांड्यात खुर्चीवर बसवली. मर्वने एप्रन काढला, स्वच्छ सदरा घातला आणि पफांची बशी सगळ्यांत आधी तिच्यापुढे धरली.

नोलाने एक उचलला. सावकाश चावला.

"कुणी केलेत?"

"मी."

"पहिल्यांदाच करताय वाटतं? बरे झालेत हं. पण यात एक गोष्ट राहिली."

मर्वचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "काय राहिलं, नोला?"

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि बोटाने त्याला जवळ बोलावलं. त्याने कान पुढे केला. तिचं कुजबुजणं मात्र अख्ख्या व्हरांड्याला ऐकू गेलं.

"ते नाही हं सांगायची. राग नका मानू. अहो, नवऱ्याला नाही सांगितलं अजून, तर तुम्हाला कसं सांगू?"

सवयीने मी हसले, आणि लगेच हसू आवरलं.

"नवऱ्याला तरी सांगायचं," मर्व हळूच म्हणाला.

"छे! सांगितलं तर स्वतःच करून खाईल. मग मला कोण विचारतंय?"

"कसा आहे तो?"

"ग्रीसचे काळे हात घेऊन टेबलाशी बसतो. बोलून बोलून दमले मी. पण चांगला आहे हो माझा मर्व." तिने फाटकाकडे पाहिलं. "येईलच आता. सगळीकडून मलाच न्यायला येतो."

तिने आणखी एक पफ उचलला, कागदी रुमालात गुंडाळला आणि मांडीवर ठेवला.

"तो येईपर्यंत बसू का इथे?" मर्वने विचारलं.

"बसा की."

त्याने खुर्ची ओढली. लोक येऊन भेटून जात होते. ती सगळ्यांना हसून मान डोलवत होती. मर्व फाटकाकडे बघत बसला होता, ती बघत होती तिकडेच.

वारा सुटला. मांडीवरचा रुमाल घसरायला लागला तसा सावरायला मर्वने हात पुढे केला. नोलाने चटकन त्यावर तळवा ठेवला.

"हा नाही," ती म्हणाली. "हा मर्वचा आहे."

मर्वने हात मागे घेतला.