उशीत गेलेलं बियाणं

खिडकीत ठेवलेली पांढरी पिशवी जागेवर नव्हती. सायकालनं खिडकीखाली वाकून पाहिलं, तिथंही नव्हती.

"आपा, इथली पिशवी कुठंय?"

सासूबाई, म्हणजे बुरमाखान आपा, कढईत बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "कुट्टूच्या दाण्यांची ना? उशीत भरली."

"कुणाच्या?"

"माझ्या नाही बाई. तुझ्या लेकीच्या. बाजारातल्या वरीत यंदा निम्मे खडे. आणि पाळण्यात दाण्याची उशी नको का? डोकं गार राहतं, गोल होतं. तुझ्या पिशवीत बघते तर खडा नाही, काडी नाही. म्हटलं, सुनेनं या घरात पहिल्यांदाच काहीतरी नीट निवडलंय."

तो कुट्टू सायकालनं दाणा दाणा बघून निवडला होता, पण उशीसाठी खचितच नव्हे. ती बिश्केकच्या एका संस्थेत बियांमधल्या प्रथिनांवर काम करायची. बी आपल्या पोटातलं थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, असंच मोकळं ठेवत नाही. एक प्रथिन ते मुठीत घट्ट धरून बसतं. कोंब फुटला की मूठ सुटते आणि जीवनसत्त्व कोवळ्या रोपाच्या कामी येतं. डोंगरातल्या एका म्हाताऱ्याच्या परसातल्या कुट्टूत मात्र हे प्रथिन सायकालला शोधूनही सापडेना, आणि बी तर मजेत उगवत होती! त्या प्रथिनाचं जनुकच मोडलंय, की जनुक धड आहे आणि घोडं पुढं कुठं पेंड खातंय? ते अल्माटीच्या प्रयोगशाळेत कळणार होतं. त्यांना उगवणारं, जिवंत बियाणं हवं होतं. म्हातारा तर गेला, परसात मुलानं गॅरेज बांधलं. उरलं होतं ते त्या पिशवीत.

त्यात संचालकसाहेबांचं म्हणणं, बाळंतपणाला गेलेल्या बायका कामावर परत येतात थोड्याच! आज बियाणं अल्माटीला निघालं नाही तर विषय दुसऱ्याकडे जाणार होता. तिच्याबरोबर काम करणारा रिस्बेक गाडी घेऊन न्यायला येतच होता.

आलाच. दारात येऊन त्यानं हॉर्न वाजवला मात्र, आपा हातात झारा घेऊन बाहेर धावल्या.

"मेल्या, पोर आत्ता कुठं झोपलीय! पुन्हा वाजवलास तर तुलाच तळीन!"

रिस्बेक चपला हातात घेऊन, मांजराच्या पावलांनी आत आला. सायकालची लेक बेगिमाय खरोखरच झोपली होती. पोटदुखीनं तिनं किती रात्री घर डोक्यावर घेतलं होतं, आणि आज पाळण्यात, त्या नव्या उशीवर, गाढ. सायकालनं हळूच उशीखाली हात घातला. आपांनी मनगट धरलं.

"झोपलेल्या लेकराची उशी ओढतेस? आई आहेस की जकात नाक्यावरचा शिपाई?"

"आपा, माझं सगळं काम आहे त्यात."

"असू दे. उठली की घे."

"थांबू की, तुझा हा मोठा भाऊ काही पळून जात नाही," रिस्बेक पुटपुटला. त्याच्या तोंडात बोरसोक होता, दुसऱ्यावर जर्दाळूचा मुरंबा चढत होता. त्याला कसली घाई?

सायकाल चहा गार करत बसली. शेवटी बेगिमायला उचकी लागली आणि तिनं डोळे उघडले. सायकालनं तिला उचलून आपांच्या हाती दिलं, उशी ओढली, शिवण उसवली, दाणे परातीत ओतले. दाण्यांचा छान खमंग वास आला.

रिस्बेकनं नाक पुढं केलं. "वा! भाजलेत वाटतं?"

"मग?" आपा म्हणाल्या. "कच्चं धान्य ठेवून बाळाच्या डोक्याशी किडे पाळायचेत का?"

सायकाल लहान पोरीसारखी रडायला लागली.

"अगं, रडतेस काय? दुसरं आणू. बाजार काय ओस पडलाय?"

"हे कुठंच मिळत नाही, आपा! आता हे उगवणार नाही. माझं काम गेलं. आता बसते घरी वरी निवडत, तुम्हाला हवं तेच झालं!"

बोलून गेली आणि तिनंच जीभ चावली. रिस्बेक मुरंब्याच्या वाटीत बघत राहिला. आपा नातीला खांद्यावर टाकून मागच्या सज्ज्यात गेल्या आणि टोमॅटोच्या रश्शाचा एक जुना डबा घेऊन आल्या. डब्यात माती, आणि मातीत कोवळी रोपं, पत्त्यांतल्या बदामासारख्या पानांची.

"माझी आई उशीचं धान्य भाजायच्या आधी मूठभर बाजूला काढायची आणि बाळाच्या नावानं पेरायची. मीही पंधरा दिवसांपूर्वी तुझ्या पिशवीतली मूठभर पेरली. सगळंच भाजलं तर पोरीच्या नावानं काय राहील?"

रिस्बेक उडालाच. "हेच! पानातही तेच जनुक असतं! पान आत्ता नेतो, बी शरदात धरेल!"

आपांनी डबा पोटाशी धरला. "हात लावायचा नाही. बेगिमायचं रोप आहे."

"आपा, एकच पान," सायकाल म्हणाली.

आपांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला कामावर परत जायचंय?"

खोटं बोलावं असं सायकालला क्षणभर वाटलं. "जायचंय, आपा. फार जायचंय."

"मग तोंडात काय बोरसोक होता? मला वाटायचं, तुला घरीच बसायचंय; म्हणून तुझ्यासाठी मी शेजारपाजाऱ्यांशी भांडत होते." त्यांनी नखानं एक पान खुडलं, मग थोडं थांबून आणखी एक, आणि रिस्बेकच्या तळहातावर ठेवलं. "तुझं ते प्रथिन काय करतं म्हणालीस?"

"धरून ठेवतं. वेळ आली की सोडतं."

"आणि ज्या बियांत ते नाही, त्या उगवतात कशा?"

"तेच तर शोधायचंय. कदाचित दुसरं कुणीतरी धरत असेल."

"असेलच की," आपा म्हणाल्या आणि खांद्यावरच्या पोरीला थोपटू लागल्या. "जा तू. मी धरते."

सायकालला पुन्हा रडू आलं. आपांनी तिच्यापुढं वरीची थैली सरकवली.

"रडत रडत निवड हवं तर. पण खडे काढ, उशी रिकामी पडलीय."