सातव्या झेंड्याखालचं पाणी

“पाण्या रे पाण्या, खाली उतर, वरती गवताची पातळ चादर...”

आबा हे गुणगुणायचे ते गुडघाभर चरात उभं राहून. हातात पाण्याचा निचरा करणारी भाजलेल्या मातीची नळी, समोर उतार मोजायला ताणलेली दोरी. मधे नळ्यांची एक मोठी ओळ, दोन्ही अंगांना तिरप्या लहान ओळी, अगदी माशाच्या काट्यासारख्या. मग वर खडी, खडीवर वाळू, वाळूवर गवत. नऊ झेंड्यांच्या त्या साध्यासुध्या गोल्फच्या मैदानाखाली आबांनी असे नऊ मासे निजवले होते. आबा जाऊन चार वर्षं झाली, तरी सातव्या झेंड्यापाशी आलं की त्यांच्या धाकट्या मुलाच्या कानात तो आवाज उठायचाच.

आजही उठला. रोज सकाळी झेंड्याचं भोक नव्या जागी पाडायचं आणि निघालेला गवताचा गोळा जुन्या भोकात बसवायचा, म्हणजे एकाच जागी पाय पडून गवत मरत नाही. धाकट्याने कटर दाबला, फिरवला, गोळा उपसला. भोकाच्या तळाला पाणी झिरपलं आणि बघता बघता काठापर्यंत आलं.

“काय हो भावजी, विहीर खणताय की काय?” कापणी यंत्र बंद करत वहिनी म्हणाली. थोरला भाऊ गेल्यापासून हे यंत्र तीच चालवत होती. तिने कापलेल्या पट्ट्या इतक्या सरळ, की जणू कुणी फणी फिरवलीय.

“इथलं पाणी हटत नाही, वहिनी.”

“सहा वर्षं तेच ऐकतेय. चला, दहाला बैठक आहे. मी नवे बूट घालू का जुने? कामावरून काढूनच टाकणार असतील तर नवे कशाला झिजवू?”

ती हसली. धाकट्याला हसू फुटेना.

क्लबच्या खोलीत खुर्च्यांच्या गाद्या फाटून आतला काथ्या बाहेर आला होता. टेबलावर नकाशा पसरलेला, त्याच्या चारही कोपऱ्यांवर जुने चेंडू ठेवलेले. चिटणीस म्हणजे निवृत्त शाळामास्तर, भला माणूस. वाईट बातमी सांगायची असली की चष्मा पुसत बसायचा. आज त्याने तो दोनदा पुसला.

“तज्ज्ञांचा अहवाल आलाय. त्यांनी सातव्यावर खणून पाहिलं. खाली नुसता चिखल. नळ्यांनी मान टाकलीय म्हणतात. बाकी आठ ठिकाणच्याही त्याच वयाच्या, तेव्हा नऊच्या नऊ ठिकाणं उकरून नव्याने बांधायची.”

“खर्च?” धाकट्याने विचारलं.

“तीन वर्षांच्या देखभालीचा पैसा एका हंगामात जाणार. म्हणून...” चष्मा तिसऱ्यांदा उतरला. “पुढे पगार एकाचाच निघेल. धाकट्या, तू राहशील. वहिनी, तुम्हाला मात्र...”

“म्हणजे गवत आता निम्मंच वाढणार का साहेब?” वहिनी म्हणाली. आवाज टणक होता, पण हातातली टोपी तिने पार चुरगाळली होती. तिची लेक यंदा शेवटच्या वर्षाला होती.

“आबांना मी दोष देत नाही,” चिटणीस पुटपुटला. “पण ते काम जुन्या काळचं. सगळं अंदाजपंचे.”

“नोकरी घ्यायची तर घ्या,” वहिनी उसळली. “पण माझ्या सासऱ्याच्या कामाला नावं ठेवू नका. त्यांनी बोटभर उतारासाठी दिवसभर दोरी धरलीय, मी पाहिलंय. बोला की भावजी! तोंडात मिठाची गुळणी धरून काय बसलात?”

धाकटा नकाशाकडे पाहत होता. त्याला दिसत होता सहा वर्षांपूर्वीचा तो दिवस. स्पर्धा दुसऱ्या दिवशी, आणि फवाऱ्याचा पाईप अजून टाकायचा राहिलेला. कुदळीखाली ‘कट्ट’ झालं होतं. लाल खापऱ्या. त्याने इकडेतिकडे पाहिलं होतं.

त्यानंतर आबांनी अंथरूण धरलं. खिडकीतून सातवा झेंडा दिसायचा.

“सातवा रडतोय का रे?” त्यांनी विचारलं होतं.

“पाऊस जास्त झालाय, आबा.”

“नाही रे. माझाच उतार चुकला असणार.”

हे आबा मरेपर्यंत म्हणत राहिले, आणि धाकटा त्यांना मरेपर्यंत औषध पाजत राहिला.

चिटणिसाने पेनाचं टोपण काढलं. कंत्राटाच्या कागदावर त्याची बोटं थबकली, मग सहीची जागा शोधू लागली.

“थांबा, साहेब.”

आवाज आपलाच आहे हे धाकट्याला जरा उशिराच कळलं.

“आठ ठिकाणी काही झालेलं नाही. सातव्यावरच खणा. झेंड्याच्या खांबापासून मोजू नका, तो रोज हलतो. कोपऱ्यातल्या फवाऱ्यापासून अकरा पावलं, कुंपणाच्या बाजूला. मधली मोठी नळी तिथे फुटलीय. दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे.”

“तुला कसं माहीत?”

त्याने चिटणिसाकडे पाहिलंच नाही. तो वहिनीकडे वळला.

“मी फोडली, वहिनी. पाईप टाकताना. दिसली मला, तरी वर माती लोटून गवत अंथरलं. आबांचा उतार चुकला नव्हता. त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी त्यांना पाऊस सांगितला.”