आडवं पडलं की बरं वाटतं

“आडवी झाली की टुणटुणीत, बसवली की डोकं फुटतंय! असलं सोयीचं दुखणं मी जन्मात पाहिलं नाही!”

शिवणाच्या दुकानात सासूबाई येईल त्या गिऱ्हाइकाला सुनेचं गाऱ्हाणं सांगत. फाटलेलं कापड दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि बोलण्यातही!

सुनेचं बाळंतपण ऑपरेशनने झालं होतं. पाठीत सुई टोचून भूल दिली होती. घरी आल्यापासून ती बाळाला घेऊन बसली की डोकं असं ठणकायचं की बाळ खाली ठेवून आडवंच व्हावं लागे. लेकराला खांद्यावर घेता येत नाही म्हणून ती रडे. सासूबाईंनी ते रडणंही नाटकात जमा केलं.

सासूबाई तिला टाके दाखवायला दवाखान्यात घेऊन गेल्या, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई सहज विचारपूस करायला आल्या. सासूबाईंनी संधी साधली. “झोपून राहिली की हिला काही होत नाही बघा!”

“काय म्हणालात?”

सासूबाईंनी दुप्पट उत्साहाने तेच सांगितलं.

“अहो आजी, हीच तर आजाराची खूण! मेंदू पाण्यात तरंगत असतो. पाठीतलं सुईचं भोक बुजलं नाही, की ते पाणी झिरपतं. मग उठून बसलं की मेंदूचा आधार कमी पडतो, डोकं ठणकतं. आडवं झालं की उतरतं. इतकं नेमकं सोंग कोणाला जमेल?”

सासूबाईंचा चेहरा उतरला. “मग आता?”

“हिच्याच हाताचं रक्त काढून पाठीत त्या भोकाजवळ सोडायचं. ते गोठून भोक बुजवतं. बहुतेकींना एकदा पुरतं, काहींना पुन्हा द्यावं लागतं.”

तपासण्या झाल्या, तिचंच रक्त पाठीत सोडलं गेलं. काही वेळ पडून राहिल्यावर सून हळूच उठून बसली. सासूबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

“दुखतंय का गं?”

“नाही हो, आई!” तिने हात पुढे केले. सासूबाईंनी बाळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांनाच रडू फुटलं.

“जन्मभर ठिगळं लावली मी. पण माणसाला त्याच्याच रक्ताचं ठिगळ! धन्य आहे बाई या विद्येची! आणि तुझीही. माझी बोलणी खाऊनही खरं तेच सांगत राहिलीस. चुकले गं मी.”

पुढे दुकानात एक गिऱ्हाईक म्हणालं, “आमच्या सुनेचंही कंबरदुखीचं नाटक चाललंय.”

सासूबाईंनी कात्री खाली ठेवली. “आधी तिला डॉक्टरला दाखव. मगच तुझं कापड कापेन!”

मंडळी, दुसऱ्याचं दुखणं आपल्याला दिसत नाही. म्हणून ते खोटं ठरवण्याआधी त्याचं ऐकून घ्यावं.