उलटी गाठ

गाडी पुन्हा खोकली.

कुंपणाच्या अलीकडे पेंढा रचणाऱ्या मालोजीचा हात थांबला. पलीकडे हिरामणच्या गोठ्यातून आधी हँडल फिरल्याची खरखर आली, मग फट् फट् असे दोन बार, मग धुराचा भपका आणि शेवटी हिरामणची शिवी. मालोजीने हातातली पेंढी जागेवर ठेवली, तिच्यावर एक थाप मारली आणि बायकोला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला,

"नाय उठत. आजबी नाय उठत."

इंदूबाई अंगणात वाल पाखडत बसली होती. तिने सूप थांबवलं नाही.

"तुमाला कसला एवडा आनंद व्हतो? परवा लेकीचं लगीन, जनीला त्याच मोटारीत बसवून न्यायचं हाय त्यांना."

"मला कसला आनंद? मी आपला पेंढा रचतोय."

"मंग जा की. दोन पावलांवर गोठा हाय. बगा काय बिघडलंय ते."

"मला कुनी बोलावलंय का?"

हे वाक्य दिवाळीपासून त्या घरात रोज एकदा तरी बोललं जात होतं. इंदूबाईला आता त्याचा राग येईनासा झाला होता. तिने वालातला खडा वेचून लांब फेकला.

गोष्ट अशी, की ती मोटार खरं म्हणजे दोघांची व्हायला हवी होती. मालोजीला विचाराल तर त्याच्या एकट्याची. पळसदरीला धरणाच्या बाजूला पेस्तनजी शेठचा बंगला होता. लढाईत शेठचा ड्रायव्हर पलटणीत गेला, शेठ स्वतः गाडी हाकू लागला, आणि तेव्हापासून ती दर शनिवारी कुठे ना कुठे रुसून बसू लागली. ढकलायला शेतातून हाकेसरशी यायचे ते हे दोघे. ढकलता ढकलता झाकण उघडून बघू लागले, बघता बघता खोलू लागले. मजुरीचा प्रश्नच नव्हता. शेठ चहा पाजी, पण पाजला नसता तरी हे गेलेच असते, इतकं दोघांना त्या गाडीचं वेड लागलं होतं. मालोजी गाडीखाली पाठीवर पडून तेलात माखलेला, आणि हिरामण वर उभा राहून शेठशी गप्पा मारत पाने हातात देणारा. हे अर्थात मालोजीच्या डोक्यातलं चित्र. हिरामणला विचारलं असतं तर त्याने वेगळं काही सांगितलं असतं, पण मालोजी कशाला विचारतो!

गेल्या दसऱ्याला दोघांनी बंगल्यावर ठेवलेल्या गाडीची पूजा केली. ठिणगी पोचवणाऱ्या चार तारा काढून पुसल्या, यंत्राला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पेट्रोल कुपनांवर मिळायचं, तेव्हा उगाच सुरू करून बघायचं कारण नव्हतं. दिवाळीनंतर शेठ आला तो आगगाडीने, आणि आला तोच बंगला विकायला. नेमका त्या दिवशी मालोजी खोपोलीला गेलेला. गेला होता तोही कशासाठी, तर याच गाडीच्या पंख्याला पट्टा मिळतो का बघायला! शेठला घाई होती. समोर हिरामण उभा होता.

"हिरामण, तू ले जा," शेठ म्हणाला, आणि संपलं.

मालोजी काखेत पट्टा घेऊन परत आला तेव्हा गावाच्या रस्त्याने बैलजोडी येत होती, बैलांमागे मोटार, आणि मोटारीत चाक धरून ताठ बसलेला हिरामण.

"दोगांची हाय रं ही," हिरामण वरून ओरडला. "कदीबी ये!"

दोघांची, पण गोठा कुणाचा? मालोजीने पट्टा घरी नेऊन आढ्याला टांगला. तो अजून तिथेच होता. पहिल्या दिवशी मालोजी रागाने गेला नाही, आणि पुढे पहिल्या दिवशी गेलो नाही म्हणून गेला नाही.

पण गाडी गेली त्याचं दुःख एकवेळ त्याने गिळलं असतं. गिळवत नव्हतं ते दुसरंच. हिरामणकडे आल्यापासून गाडी आजारी होती. सुरू झालीच तर थरथरायची, धूर ओकायची आणि गोठ्यासमोरचा एवढासा चढ चढताना मान टाकायची. आणि त्या आजारावर हिरामण विचारायचा कुणाला, तर वाल्मिकला! हा वाल्मिक कर्जत-खोपोली सर्विस मोटारीवर ड्रायव्हर. खाकी विजार, डोळ्याला काळा चष्मा. तो यायचा, झाकणात डोकं घालायचा आणि "कार्बुरेटर" म्हणायचा. प्रत्येक वेळी कार्बुरेटर. मालोजी कुंपणाआडून ते ऐकायचा आणि त्याच्या अंगाची लाही लाही व्हायची. शेठच्या वेळी अर्ध्या रात्री हाक मारली असती तरी तो गेला असता, आणि आता त्याच गाडीसाठी परका माणूस येतो, चहा पितो, वर अक्कल शिकवतो.

लग्नाचं आवतण द्यायलाही हिरामण स्वतः आला नाही. त्याची बायको भागूबाई अक्षता घेऊन आली.

"त्यांना येळच नाय हो. गाडीच्या मागं लागल्यात. साऱ्या खालापुराला सांगून बसल्यात, नवरी मोटारीतनं येनार म्हनून."

"वाल्मिक हाय ना," मालोजी म्हणाला. "तो करंल."

भागूबाई अक्षता ठेवून गेली. ती गेल्यावर इंदूबाईने नवऱ्याकडे असं बघितलं की त्याला उठून गुरांना पाणी दाखवायला जावं लागलं.

हळदीच्या दिवशी दुपारी सगळा गाव हिरामणच्या मांडवात होता. वाजंत्री वाजत होती, बाया जात्यावर गात होत्या, आणि गोठा मागच्या अंगाला निवांत होता. मालोजी कुंपणातून आत शिरला. गाय रवंथ करत होती. तिने त्याच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. गाडी धुऊन पुसून ठेवलेली होती. तिच्या नाकावर आंब्याचा टहाळा बांधलेला होता.

त्याचा बेत साधा होता. चारातल्या दोन तारांची अदलाबदल करायची. मग ठिणगी भलत्या वेळी पडणार आणि उद्या गाडी खोकणारसुद्धा नाही. नवरी आत बसलेली, वऱ्हाड खोळंबलेलं, वाल्मिक डोकं खाजवतोय, आणि शेवटी हिरामण कुंपणाशी येऊन हाक मारतोय, "मालोजी, ये रं!" मग मालोजी सावकाश येणार. कुणाशी न बोलता झाकण उघडणार, तारा होत्या तशा लावणार आणि म्हणणार, "हं, मार हँडल." वाईट कुणाचंच होणार नव्हतं. जनीचं तर नाहीच. तिला त्याने खांद्यावर बसवून जत्रेला नेलेलं होतं. तिला थोडा वेळ बसावं लागलं असतं, एवढंच.

झाकण उघडून तो खाली वाकला आणि जरा थबकला. चारी तारा एकत्र सुतळीने बांधलेल्या होत्या, आणि सुतळीची गाठ त्याची स्वतःची होती. मालोजी डावखुरा. त्याची गाठ उलटी पडायची. खळ्यावर भाताचे भारे येऊन पडले की नुसता बंद बघून लोक सांगायचे, हा मालोजीचा भारा. दसऱ्याला तारा पुसून झाल्यावर त्यानेच त्या लावल्या होत्या आणि घासू नयेत म्हणून बांधल्या होत्या. तीच गाठ, तेलाने काळी झालेली, अजून तशीच होती.

"बग," तो गाईला म्हणाला. "सारं खोललं म्हनतो, आनि हितं हातबी नाय लावला. आळशी लेकाचा."

त्याने गाठ सोडली, तिसरी तार चौथीच्या जागी आणि चौथी तिसरीच्या जागी लावली, आणि सवयीने पुन्हा बांधून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धुतलेलं धोतर नेसून, पागोटं घालून मांडवाच्या कडेला उभा राहिला. हात त्याने मुद्दाम स्वच्छ धुतले होते, तेलात घालायचे म्हणून. जनी हिरवा चुडा भरून मागच्या बाकावर बसली होती, शेजारी भागूबाई डोळे पुसत होती. वाल्मिक काळा चष्मा लावून मडगार्डला टेकला होता. हिरामणने देवाचं नाव घेतलं आणि हँडल घातलं.

अर्धा वेढा झाला आणि गाडी उठली.

फट् नाही, फुट् नाही, धूर नाही. एकसारखा, गोल आवाज. शेठ गाडी नवीन घेऊन आला होता तेव्हा यायचा तसा. मांडवात एकच कल्ला झाला. वाजंत्र्यांनी पुन्हा सुरुवात केली. इंदूबाईसुद्धा टाळ्या वाजवत होती. एकटा मालोजी होता तिथेच उभा राहिला. त्याच्या कानाला खोटं सांगता येत नव्हतं: चारीच्या चारी सिलिंडर चालत होते. वाल्मिकने काही केलं असेल, त्याला वाटलं. रात्री हिरामणने काही केलं असेल. पण हिरामणच सगळ्यांहून जास्त चक्रावलेला दिसत होता. त्याने झाकण उघडलं आणि आत बघत राहिला. मग त्याचा हात आत गेला, एका जागी थांबला, आणि मान वर करून त्याने गर्दीतून सरळ मालोजीकडे बघितलं.

मालोजी शेजारच्या माणसाआड सरकला.

"काय केलंस रं हिला?" वाल्मिकने विचारलं.

"तारा उलट्या व्हत्या. तिसरी नि चवथी."

"आरं देवा! लावल्या कुनी तशा?"

हिरामणने झाकण लावलं.

"मीच," तो म्हणाला. "काल ध्यानात आलं."

लोक पोट धरून हसले. "आनि मला दर खेपेला कार्बुरेटर धुवायला लावलास!" असं वाल्मिक म्हणाला तेव्हा तर जनीसुद्धा पदरात तोंड लपवून हसली. हिरामणही त्यांच्यात हसला. मग त्याने पुढचं दार उघडून धरलं.

"मालोजी, पुढं बस."

नाही म्हणायला जागाच नव्हती. सगळं गाव बघत होतं.

गाडी खालापूरच्या रस्त्याला लागली. मागे बाया गाऊ लागल्या, आणि यंत्राच्या आवाजात पुढचं बोलणं मागे जाईना, तेव्हा हिरामण समोर बघतच म्हणाला,

"तुजं नाव नाय घेतलं मी. त्या वाल्मिकसमोर कशाला घ्यायचं?"

मालोजीने पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"गाठ बगितली, तवाच वळखलं. सुतळी तीच, गाठ उलटी, पर ताजी. तू येऊन गेलास." हिरामणने चाक सरळ केलं. "आरं, चुकलं तर चुकलं. मानूस हाय, दसऱ्याच्या गडबडीत लागली आसंल तार उलटी. सरळ येऊन सांगायचं. चोरावानी कशाला यायचं माज्या गोठ्यात?"

मालोजीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. दसऱ्याच्या गडबडीत. आपणच लावलेल्या तारा. ते त्याच्या डोक्यात आत्ता कुठे उतरत होतं.

"मी पार सारी गाडी खोलली," हिरामण सांगत होता. "टाकी सोडली, पिस्टन काडले, वाल्मिक म्हनंल ते केलं. त्या तारा तेवड्या नाय सोडल्या. मालोजीची गाठ हाय, म्हनलं, तितं बगायचं काम नाय."

रस्त्यात गुरं आली. हिरामणने भोंगा वाजवला, वेग कमी केला, आणि गुरं गेल्यावर पुन्हा बोलू लागला.

"मीबी गाढवच. तुज्याकडं यायला लाज वाटायची. शेठनं गाडी मला दिली, आनि मला ती सुरूबी करता येईना. कुठल्या तोंडानं येऊ? चालू करीन, तुज्या दारात नेऊन हुबी करीन, मंगच बोलावीन, असं म्हनत ऱ्हायलो."

मालोजीच्या अंगाची आग आग झाली. गाडी ह्याची. मांडव ह्याचा. गावभर कौतुक ह्याचं. आणि आता चूक पोटात घालणारं मोठं मनही ह्याचंच! ह्याने थोडं तरी चिडावं, एखादी शिवी घालावी, म्हणजे बरोबरी तरी झाली असती. 'बिघडवायला आलो व्हतो मी,' असं सांगून टाकावं, निदान तेवढं तरी आपलं राहील, असं त्याला वाटलं. तोंड उघडलंही. पण मागून जनी गाण्यात मध्येच म्हणाली, "काका, ह्या गाडीचा पट्टा मिळाला व्हता का वो तवा खोपोलीला?" आणि त्याचं तोंड मिटलं.

तो यंत्राचा आवाज ऐकू लागला. कुठे तरी एखादी खरखर असेल, एखादा ठोका चुकत असेल. त्याने सगळा जीव कानात आणला. काही म्हणता काही चुकत नव्हतं.

समोर चढ दिसू लागला. हिरामणने पहिल्यांदाच मान वळवली. पूर्वी शेठच्या अंगणात काही अडलं की तो असाच बघायचा, आणि दिवाळीपासून मालोजी ह्याचीच वाट बघत होता.

"पर मला एक सांग," हिरामण म्हणाला. "तुज्या कदी ध्यानात आलं रं?"

मालोजीने आपल्या स्वच्छ धुतलेल्या हातांकडे बघितलं.

"आत्ता," तो म्हणाला.

हिरामणला ती थट्टा वाटली. तो मोठ्याने हसला आणि त्याने गियर बदलला. गाडी चढ चढू लागली.