पश्चिमेची काच

वालूरच्या सीताराम मास्तरांची नीलम पुण्यात वास्तुरचना शिकली आणि परभणीला परतली. माती दाबून केलेल्या, न भाजलेल्या विटांची, भर उन्हाळ्यातही गार राहणारी घरं बांधणारी म्हणून जिल्हाभर तिचं नाव झालं.

पाथरीजवळच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम तिच्याकडे आलं. पश्चिमेला तिनं जाड भिंत, छोट्या खिडक्या आणि त्यांवर रुंद छज्जे आखले होते. संस्थेचे अध्यक्ष दिनकरराव यांनी काम चालू असतानाच ती भिंत रद्द करून तिथं अखंड काच बसवली.

"साहेब, मुली भाजून निघतील," नीलम म्हणाली.

"एसी हाय की. वर सौर पॅनल बी हायत. मग इमारत हरितच झाली ना?"

काम सोडावं असं तिला वाटलं. पण ती गेली तर मधलं अंगण आणि पावसाच्या पाण्याची टाकीही हे लोक गुंडाळतील, या भीतीनं ती राहिली. इमारत पुरी झाली, मुली राहायला आल्या, आणि त्याच इमारतीसाठी संस्थेनं तिचा सत्कार ठरवला: हरित वास्तुरचनेतलं नेतृत्व.

सत्काराच्या आदल्या दुपारी ती पाहणीला गेली. वीज गेलेली, आणि ती गेली की सौर पॅनलही बंद पडत. काचेच्या खोल्या रिकाम्या, मुली जिन्यात दाटीवाटीनं बसलेल्या. बबिता नावाची मुलगी ओला रुमाल डोक्यावर घेऊन पायरीवर आडवी झाली होती.

"मॅडम, खोलीत लय गुदमरतंय. काच उघडतच न्हाई. आमी इथंच अभ्यास करायलाव."

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडपात नीलमनं माईक घेतला. "पाहुण्यांनो, सत्कार वर करू. पश्चिमेच्या खोलीत."

पाहुणे, मुली आणि त्यांचे आईबाप हसत वर गेले. वीज तेव्हाही नव्हती. थोड्याच वेळात फेटे उतरले, हातांतल्या पत्रिकांचे पंखे झाले. दिनकररावांचा सदरा पाठीला चिकटला.

"या खोलीत मुली राहतात," नीलम म्हणाली. "काच निघेपर्यंत मी हार घेणार नाही."

मग बबिताची आई चांगुणाबाई पुढं झाली. तिनं लेकीचा हात धरला. "चल घरी. भिंत झाली की येऊ." तिच्यामागून आणखी काही आईबाप लेकींना घेऊन निघाले.

वसतिगृह ओस पडायला लागलं, तेव्हा दिनकररावांनी निम्म्या काचा काढून उघडणारी तावदानं बसवली. बबिता परत आली. उरलेल्या काचांना जाड पडदे लागले, आणि नीलमला पुढच्या कामाला बोलावलंच नाही.

पावसाळ्यानंतर सेलूच्या रस्त्यावर संस्थेची नवी इमारत उभी राहू लागली. समोरून सगळी काच. बाहेरच्या फलकावर 'हरित सल्लागार' म्हणून नीलमचं नाव. जाताना ते दिसलं, तशी तिनं तिथूनच दिनकररावांना फोन लावला.

"माझं नाव काढा, साहेब."

"कसं काढू, मॅडम?" दिनकरराव गोड आवाजात म्हणाले. "हरित म्हणलं की लोकायला तुमीच आठवता."

फोन बंद झाला. आत क्रेन पुढची काच वर उचलत होती.